ज्यांची निधनवार्ता कुणी छापत नव्हतं

मंडळी, सकाळी पेपर हातात आला की आधी निधनवार्ता बघणारे इथं किती जण आहेत? हात वर करू नका, अंदाज आहे मला. आमची आजी आधी तेच पान मागायची. ‘कोण गेलं बघू’ म्हणायची आणि ओळखीचं कुणी निघालं नाही की जरा हिरमुसायचीच. त्या चौकोनात नाव येणं म्हणजे हा माणूस इथं होता, याची गावानं दिलेली पावती. आज न्यूयॉर्कच्या ज्या पोर्तो रिकन लोकांविषयी बोलायचंय त्यांना ही पावती मिळत नव्हती. मग त्यांच्यातल्याच एकानं ती लिहिली, आणि पुस्तकात छापून यायच्या कितीतरी आधी लोकांसमोर उभं राहून वाचली.

त्याचं नाव पेद्रो पिएत्री. यापुढे मी या सगळ्या कवींना एकेरीच म्हणणार आहे. तुकोबाला आपण अहो-जाहो करत नाही, तसंच समजा.

पिएत्री १९४४ साली पोर्तो रिकोतल्या पॉन्से शहरात जन्मला आणि लहानपणीच न्यूयॉर्कला आला. पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. १८९८ मध्ये अमेरिकेनं ते स्पेनकडून घेतलं आणि १९१७ मध्ये तिथल्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व दिलं. त्यामुळे न्यूयॉर्कला जायला त्यांना व्हिसा लागत नाही, विमानाचं तिकीट पुरतं. दुसऱ्या महायुद्धानंतर बेटावरची उसाची शेती मोडत गेली, नवे कारखाने आले, पण ते सगळ्या हातांना पुरले नाहीत. माणसं विमानात बसली. १९७० च्या जनगणनेत न्यूयॉर्क शहरात आठ लाखांवर पोर्तो रिकन होते. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई, हॉटेलात भांडी, इमारतींची झाडलोट, अशी कामं. कागदोपत्री नागरिक, आणि जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याच्या नजरेत उपरे.

अशा लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांना अमेरिकेत ‘लॅटिनो’ म्हणतात, पण हा शब्द फार मोठा आहे, हे आधीच सांगून टाकतो. लॉस एंजेलिसचे मेक्सिकन, मायामीचे क्यूबन, वॉशिंग्टन हाइट्सचे डोमिनिकन, प्रत्येकाची गोष्ट निराळी. मी न्यूयॉर्कच्या दोनच वस्त्यांविषयी बोलणार आहे. एक ईस्ट हार्लेम, जिला तिथले लोक ‘एल बारियो’ म्हणजे नुसतं ‘मोहल्ला’ म्हणतात. दुसरी लोअर ईस्ट साइड. तिच्या नावाकडे नंतर येतो.

पिएत्रीला सैन्यात बोलावणं आलं, तो व्हिएतनामला जाऊन आला आणि मग त्यानं ‘पोर्तो रिकन ऑबिच्युअरी’ ही दीर्घकविता लिहिली. ऑबिच्युअरी म्हणजे मृत्युलेख. कवितेत पाच माणसं आहेत: हुआन, मिगेल, मिलाग्रोस, ओल्गा, मॅन्युएल. ती कामावर कधी उशिरा गेली नाहीत. साहेबाला कधी उलटून बोलली नाहीत. आठवड्याचे दहा दिवस राबली आणि पाच दिवसांचा पगार घेतला. चांगल्या वस्तीत घर मिळेल, आकडा लागेल अशी स्वप्नं बघितली, एकमेकांच्या वापरलेल्या गाडीवरून, टीव्हीवरून जळली, आणि मेली. मग पुन्हा मेली. कविता त्यांना वारंवार मारते, कारण एकदा मेल्याची कुणी दखलच घेतलेली नसते.

ऐकताना मात्र हसू येतं. पिएत्री रडत नाही, चेष्टा करतो, आणि त्या चेष्टेत आपल्याच माणसांनाही सोडत नाही. शेवटाकडे कविता अशा एका ठिकाणी पोचते जिथं कायम स्पॅनिश बोललं जातं आणि ‘नेग्रितो’ म्हणून हाक मारणं म्हणजे माया करणं असतं. नेग्रितो म्हणजे काळ्या. आपल्याकडे आई लेकाला ‘ए काळ्या, जेवायला चल’ म्हणते ना, अगदी तेच. इंग्रजीत हा शब्द नेला की शिवी होते, घरी आणला की लाड होतात. लॅटिनो संस्कृतीचा उत्सव वगैरे आपण म्हणतो तो मला इथं सापडतो. झेंडे आणि मिरवणुका असतातच, न्यूयॉर्कला जून महिन्यात पोर्तो रिकन परेड मोठी निघते. पण मृत्युलेखाच्या पोटातून निघालेला हा लाड त्या परेडमध्ये बघायला मिळत नाही.

आता ही कविता वाचली गेली कुठं? त्यासाठी आधी कचऱ्याकडे जावं लागेल.

१९६९ चा उन्हाळा. शिकागोत ‘यंग लॉर्ड्स’ नावाची पोर्तो रिकन पोरांची टोळी होती. होसे ‘चा चा’ हिमेनेस या तरुणानं ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेकडे बघून तिची राजकीय संघटना केली होती. न्यूयॉर्कच्या काही विद्यार्थ्यांनी तिची शाखा काढली आणि एल बारियोत जाऊन लोकांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? क्रांतीची भाषा ऐकायला मिळेल असं पोरांना वाटलं असणार. लोक म्हणाले, ‘ला बासुरा’. कचरा. महापालिका इथला कचरा उचलत नाही, तो उचला. पोरं सफाई खात्याकडे झाडू मागायला गेली, तिथं नकार मिळाला. शेवटी त्यांनी कचऱ्याचे ढीग ओढत नेऊन थर्ड अव्हेन्यूवर भर रस्त्यात रचले आणि पेटवले. वाहतूक थांबली, आणि दुसऱ्या दिवशी वस्तीचं नाव पेपरात आलं.

बातमी कशी होते हे या पोरांना फार लवकर उमगलं. दुसऱ्यांच्या पेपरात कचऱ्यापुरतंच नाव येणार हेही उमगलं. १९७० मध्ये त्यांनी स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, ‘पालान्ते’. ‘पारा आदेलान्ते’ म्हणजे ‘पुढं चला’, त्याचं हे बोलीतलं रूप. इंग्रजी आणि स्पॅनिश एकाच अंकात, आणि विकायला संघटनेचीच पोरं-पोरी कोपऱ्याकोपऱ्यावर उभी. श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या डब्ल्यूबीएआय रेडिओवर त्याच नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पेपर वाचता न येणारी आजीबाई स्वयंपाकघरात रेडिओ लावून तेच ऐकू शकत होती. संघटनेतल्या मुलींनी आतही भांडण मांडलं. मूळ जाहीरनाम्यात पौरुषाचा अभिमान क्रांतिकारक असायला हवा असं काहीतरी लिहिलेलं होतं. मुलींनी ते कलम बदलायला लावलं.

याच गोतावळ्यातला हुआन गोन्सालेस पुढे मोठ्या दैनिकात स्तंभ लिहू लागला आणि ‘डेमॉक्रसी नाऊ’ या कार्यक्रमाचा सहनिवेदक झाला. पाब्लो ‘योरुबा’ गुस्मान टीव्हीचा बातमीदार झाला. फेलिपे लुसियानो न्यूयॉर्क शाखेचा अध्यक्ष, आणि मुळात कवी. रस्त्यावरचा अंक विकता विकता पत्रकारिता शिकलेली ही पिढी. १९७२ मध्ये तर पोर्तो रिकन कार्यकर्ते चॅनल १३ या सार्वजनिक वाहिनीच्या स्टुडिओत घुसले, तेही देणग्या मागण्याचा कार्यक्रम चालू असताना. त्यातून ‘रेआलिदादेस’ हा द्वैभाषिक कार्यक्रम पदरात पडला. वेळ नेमकी निवडली होती, हे कबूल करायला हवं.

थोडा मागे येतो. डिसेंबर १९६९. एकशे अकरावा रस्ता आणि लेक्सिंग्टन अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर एक मेथडिस्ट चर्च होतं. आठवडाभर बहुतेक वेळ बंदच. यंग लॉर्ड्सनी तिथं मुलांना सकाळची न्याहारी देण्यासाठी जागा मागितली, चर्चनं दिली नाही. २८ डिसेंबरला त्यांनी चर्चच ताब्यात घेतलं आणि त्याला ‘लोकांचं चर्च’ असं नाव दिलं. अकरा दिवस तिथं न्याहारी, आरोग्यतपासणी, इतिहासाचे वर्ग आणि कविता. न्यूजरील या गटाच्या १९७१ च्या माहितीपटात पिएत्री त्याच चर्चमध्ये हा मृत्युलेख वाचताना दिसतो. ७ जानेवारीला पोलीस आले आणि १०५ जणांना अटक झाली.

चर्चमध्ये मृत्युलेख वाचला जाणं हे रीतीला धरूनच झालं. फरक इतकाच की मेलेली माणसं समोरच्या बाकांवर बसून ऐकत होती.

इथं आपल्याला एक धागा लागतो. शिकागोची ही पोरं ब्लॅक पँथरकडे बघून उभी राहिली, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित तरुणांनी जी संघटना काढली तिचंही नाव तिथूनच आलं, दलित पँथर. तिकडेही कवी, इकडेही कवी. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा, पिएत्रीचं पुस्तक १९७३ चं. दोघांनी एकमेकांचं काही वाचलं होतं असा माझा दावा नाही. पण एकाच आजोळची ही मावसभावंडं आहेत. ‘गोलपिठा’ला प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांना त्यातले अनेक शब्द कळले नव्हते. मराठीतल्या एवढ्या मोठ्या लेखकाला, त्याच शहरात राहून. न्यूयॉर्कमध्येही हाच प्रश्न येणार होता: ही भाषा कुठली?

तिथल्या बोलीत इंग्रजीतला ‘रूफ’ ‘रूफो’ झाला आणि ‘मार्केट’ ‘ला मार्केता’. शुद्ध स्पॅनिशमध्ये बाजाराला ‘मेर्कादो’ म्हणतात, पण ईस्ट हार्लेमच्या रेल्वेपुलाखालचा बाजार आजही ‘ला मार्केता’च आहे. बेटावरचे सुशिक्षित या भाषेला नाकं मुरडायचे. मिगेल अल्गारिन सांगायचा, की तो आणि मिगेल पिन्येरो सान हुआनच्या विमानतळावर उतरले तेव्हा त्यांचं बोलणं ऐकून कुणीतरी हिणवलं, ‘न्यूयोरिकन’. म्हणजे धड इथले नाहीत आणि धड तिथलेही नाहीत. दोघांनी ती शिवी उचलली आणि दारावर पाटी म्हणून लावली.

दार आधी अल्गारिनच्या घराचं होतं. १९७३ मध्ये त्याच्या दिवाणखान्यात कवी जमायला लागले. माणसं मावेनात, तेव्हा १९७५ मध्ये जवळचा एक आयरिश बार भाड्यानं घेतला. १९८१ मध्ये ईस्ट थर्ड स्ट्रीटवर २३६ नंबरची इमारत विकत घेतली. हाच न्यूयोरिकन पोएट्स कॅफे. अल्गारिन दिवसा विद्यापीठात शेक्सपियर शिकवायचा. पिन्येरो सिंगसिंगच्या तुरुंगातून आलेला. तिथल्या कार्यशाळेत त्यानं लिहिलेल्या ‘शॉर्ट आइज’ या नाटकाला १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांचा पुरस्कार मिळाला. एक शेक्सपियरवाला, एक तुरुंगवाला, आणि मधे बारचा गल्ला. त्या खोलीतल्या कवितेचा बाज बराचसा यातूनच आला असावा.

बाईचा आवाज होता की नाही? होता, आणि त्यावरून छान वाद झाला. ब्राँक्सची सांद्रा मारिया एस्तेवेस हिनं एका कवितेत मारिया क्रिस्तिना नावाची पोर्तो रिकन बाई बोलती केली: अभिमानी, पण घर आणि परंपरा जपणारी. लुस मारिया उम्पिएरे हिला ते पटलं नाही. तिनं उत्तरादाखल कविता लिहिली, की माझं नाव मारिया क्रिस्तिना नाहीच. त्यावर एस्तेवेसनं पुन्हा कवितेतच उत्तर दिलं, आणि आपली पहिली बाई अजून वाढत होती असं सांगितलं. टीकालेखांपेक्षा मला हा सवाल-जवाब जास्त आवडतो. आपलं मत बदललं हे कवितेत कबूल करणारे कवी किती सापडतात?

पिन्येरो १९८८ मध्ये गेला. आपली राख लोअर ईस्ट साइडच्या रस्त्यांवर विखरा, असं त्यानं एका कवितेत सांगून ठेवलं होतं. मित्रांनी ते शब्दशः केलं. मधल्या काळात कॅफे बंद होता, तो त्यानंतर पुन्हा उघडला, आणि शिकागोत सुरू झालेली पोएट्री स्लॅम, म्हणजे कवितावाचनाची स्पर्धा, तिथं आली. प्रेक्षकांतलेच परीक्षक पाट्या वर करून शून्य ते दहा गुण देतात. मला हा प्रकार फारसा झेपत नाही. कवितेला ८.७ गुण म्हणजे काय? उरलेले १.३ कुठं गेले? पण स्लॅममुळे तरुण पोरांच्या रांगा लागल्या, हेही खरं.

आता लोअर ईस्ट साइडचं नाव. स्पॅनिश जिभेवरून भरभर म्हणा: लोइसाइदा. १९७४ मध्ये बिम्बो रिवास या कवीनं त्याच नावाची कविता लिहिली. पोर्तो रिकोत लोइसा नावाचं गाव आहे, तेही त्यात ऐकू येतं. १९८७ मध्ये अव्हेन्यू सी या रस्त्यावर ‘लोइसाइदा अव्हेन्यू’ अशी सरकारी पाटी लागली. एका कवितेतला शब्द रस्त्याच्या खांबावर चढला. पण तोवर जागांचे भाव वाढू लागले होते. रिवास आणि त्याच्या साथीदारांनी नवव्या रस्त्यावरच्या एका बंद शाळेत ‘चारास’ नावाचं सांस्कृतिक केंद्र चालवलं होतं. १९९८ मध्ये शहरानं ती इमारत लिलावात काढली. लिलाव पोलीस मुख्यालयात होता. विरोधकांनी सभागृहात हजारो रातकिडे सोडले. माणसं किंचाळत खुर्च्यांवर चढली, लिलाव थांबला. मग किडे आवरून इमारत विकली गेली, आणि २००१ च्या डिसेंबरात केंद्राला बाहेर काढलं.

पिएत्री २००४ मध्ये मेक्सिकोहून कर्करोगाचे उपचार घेऊन परतताना विमानातच वारला. विमानानं आलेल्या लोकांचा कवी. त्याचा मृत्युलेख न्यूयॉर्क टाइम्सनं छापला.

साउंडवाल्या दादांनी त्याच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण तयार ठेवलंय, ते आता लावूया. इंग्रजी निसटलं तरी हरकत नाही. नावं तेवढी ऐका, पाचच आहेत.