नक्षी नवी, रबर म्हातारं

[दृश्य : पारोळा तालुका. कापूस निघून गेलेलं रान. निंबाखाली उभा असलेला हिरवा ट्रेलर.]

मे महिना, सकाळचे साडेसहा. दहानंतर इथं उघड्यावरच्या लोखंडाला हात लागत नाही, म्हणून कामाला ही वेळ धरली आहे.

निंबाखाली उभा आहे तो माझ्या मामांचा ट्रेलर. दोन चाकांचा, एक टनी, फौजेत राहून आलेला. कधीकाळी जबलपूरला बनलेल्या एखाद्या निसान किंवा शक्तिमान ट्रकच्या मागे तो धावला असेल. लिलावातून तो एका भंगारवाल्याकडे आला, त्याच्याकडून मामांनी घेतला. बांधावर आणि गावरस्त्याच्या कडेला लावलेली निंबाची दोनशे रोपं त्यांना उन्हाळ्यात जगवायची आहेत. ट्रेलरवर टाकी ठेवायची, ट्रॅक्टरला जोडायचा आणि दिवसाआड पाणी फिरवायचं.

विकणारा म्हणाला होता, टायर नवेच आहेत. आणि दिसतही तसेच होते. नक्षी इतकी खोल की बोटाचं पेर बुडावं. फौजेच्या गाड्या वर्षानुवर्षं तयारीत उभ्या राहतात, चालतात कमी, त्यामुळे टायर घासलेलं नसतं. आम्ही नक्षी बघितली आणि खूश झालो.

धुळे-जळगाव रस्त्यावर, रिकाम्या ट्रेलरचं डावं टायर फुटलं.

[दृश्य : टायरची कड, अगदी जवळून. नानांचा अंगठा भेगांवरून फिरतो.]

हे नाना. पस्तीस वर्षं टायरचं काम करतात. त्यांनी नक्षीकडे बघितलंसुद्धा नाही. टायरच्या कडेवरची धूळ थुंकी लावून पुसली आणि एक लांबट चौकट शोधली. तिच्यात चार आकडे : २३०४. म्हणजे २००४ सालचा तेविसावा आठवडा. २००० सालापासून बनलेल्या टायरवर हे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. तीनच आकडे दिसले तर टायर त्याहून जुनं, मागच्या शतकातलं.

मग त्यांनी अंगठ्याने कड दाबली. काळ्या मातीला एप्रिलमध्ये पडतात तशा बारीक भेगा उघडल्या.

"रबर वाळी जायेल शे," नाना म्हणाले.

रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं. ऊन आणि हवेतला ओझोन त्याचे धागे तोडतात, उष्णता ते काम आणखी लवकर करते. चालतं टायर सतत दबतं, वाकतं, त्यामुळे रबरात मिसळलेलं संरक्षक मेण पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या टायरला तेही मिळत नाही. वर एकाच जागी वर्षानुवर्षं वजन. म्हणून कमी चाललेलं टायर म्हणजे चांगलं टायर, हा हिशेब इथं उलटा पडतो. आमचा पडला.

उलटं आणखी एक होतं. त्या दिवशी रस्त्यावर स्टेपनी लावताना आम्ही तिघं पान्यावर उभे राहिलो, तरी डाव्या चाकाचे नट हलेनात. एक स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आटेदार दांडा, तुटला. नानांनी आज स्टडच्या तोंडावर कानशीने हलकेच घासून दाखवलं. खाली कोरलेलं इंग्रजी अक्षर, एल. डाव्या बाजूचे आटे उलटे. आम्ही सोडवत नव्हतो, आवळत होतो.

[दृश्य : उजवं चाक. नटांची दोन वर्तुळं.]

आता उजवं चाक. इथं कॅमेरा थोडा वेळ थांबवतो, कारण ही गोष्ट जिवावर बेतणारी आहे.

या चाकाची डिस्क एकसंध नाही. दोन अर्ध्या थाळ्या समोरासमोर ठेवून बोल्टने जोडल्या आहेत. आतल्या वर्तुळातले नट चाक हबला, म्हणजे आसावर फिरणाऱ्या मधल्या भागाला धरतात. बाहेरच्या वर्तुळातले नट त्या दोन थाळ्यांना एकमेकींशी धरतात, आणि थाळ्यांच्या मधे हवा भरलेलं टायर आहे. पन्नास पौंड हवा म्हणजे टायरच्या कडेच्या प्रत्येक चौरस इंचावर पन्नास पौंड, आणि अशा शेकडो चौरस इंचांची ती कड. काही टनांचा रेटा होतो तो. हवा असताना बाहेरचे नट सोडले, तर थाळी तोफेच्या गोळ्यासारखी सुटते.

मामांचा मुलगा पाना घेऊन बसला. पाना नेमका बाहेरच्या नटावर.

"पहिले हवा काढ, मंग नटले हात लाव!" नाना ओरडले. एवढा मोठा आवाज त्या दिवसात पुन्हा ऐकू आला नाही.

त्यांनी व्हॉल्व्हची पिन पूर्ण बाहेर काढली. फुस्स आवाज थांबल्यावरही भोकातून तार घालून बघितली, कारण गंजाचा कण अडकला की हवा संपल्यासारखी वाटते आणि संपलेली नसते. दोन्ही बाजूंनी टायर दाबून बघितलं. मग पाना.

[दृश्य : भरलेल्या ट्रॉलीखाली जॅक, टायरची कड डिस्कपासून सुटते.]

वीस वर्षांचं टायर डिस्कला गंजाने चिकटलेलं असतं. नानांनी चाक आडवं टाकलं, मातीने भरलेल्या ट्रॉलीच्या चासीखाली जॅक लावून टायरची कड खाली रेटली. आधी काही नाही. मग वाळलेली फांदी मोडावी तसा एक आवाज, आणि लालसर भुगा.

डिस्क तारेच्या ब्रशने घासली, रेड ऑक्साइड मारला. तो वाळेपर्यंत बेअरिंग काढून धुतली, नवं ग्रीस भरलं. नवे टायर ७.५०-१६, ४०७ टेम्पोला आणि शेतीच्या ट्रॉलीला लागतात तेच, त्यामुळे ते जळगावात सहज मिळाले. ट्यूब आणि तिच्याखालची रबरी पट्टी, म्हणजे फ्लॅप, हेही नवे. ट्यूबला पावडर लावून आत बसवली, थोडीच हवा भरून गोल केली, थाळ्या जुळवल्या, नट समोरासमोरचे घेत आवळले. हवा भरण्याआधी चाकाला साखळी गुंडाळली, आणि सगळे लांब उभे राहिले.

मामांना दोन हजार लिटरची टाकी हवी होती. नानांनी बोटांवर मोजून दाखवलं : एक लिटर पाणी, एक किलो. दोन हजार लिटर म्हणजे दोन टन, ट्रेलर एक टनी. टाकी हजार लिटरची आली. मामा थोडे नाराज आहेत, पण दोन खेपा करतात.

[दृश्य : पत्र्याची कात्री. जुन्या टायरची कड कापली जाते.]

जुनी दोन्ही टायर नानांनी नेली नाहीत. खान्देशात जुनं टायर बैलगाडीला बसतं, आणि नक्षी बघून कोणीतरी घेतलंच असतं. त्यांनी कड आरपार कापली.

[दृश्य : दुसऱ्या दिवशीची सकाळ. रोपांच्या आळ्यात पाणी.]

पन्नास किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळायचे, असं नानांनी सांगितलंय. मामांच्या मुलाने डाव्या स्टडवर पांढऱ्या रंगाने बाण काढलाय, उलट्या दिशेचा. पाना तो ट्रॅक्टरच्या सीटखालीच ठेवतो.