जुन्या ऑडिओ सेटमध्ये म्हातारं नेमकं काय होतं?

(दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरून)

ही माझी बोटं बघा. डांबर नाहीये हे. वंगणही नाही. हा कॅसेट डेकचा बेल्ट आहे. म्हणजे, होता. चाळीसेक वर्षं डेकच्या पोटात बसून त्याचं हे असं झालंय. आणि त्याच डेकची मोटर मघाशी वेगळी चालवून पाहिली, तर काय सुरेख फिरतेय! हेडसुद्धा चकचकीत.

नमस्कार मंडळी. जुना अँप्लिफायर, जुने स्पीकर, रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल घ्यावं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी आजचा व्हिडिओ. मला सांगायचंय ते एवढंच, की या यंत्रांमधलं तांबं, लोखंड, काच सहसा म्हातारं होत नाही. म्हातारं होतं ते मऊ. रबर, फोम आणि कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागाच्या, आतलं ओलं रसायन. जुना सेट बघायला गेलं की आपण समोरच्या ॲल्युमिनियमच्या पॅनलवर भाळतो. भाळा, मीही भाळतो. पण मग मऊ काय काय आहे ते शोधा.

स्पीकरपासून सुरू करू, कारण तिथे नुसत्या बोटानं कळतं. कोन म्हणजे स्पीकरचा पुढेमागे हलणारा शंकू, त्याच्या कडेला जी वळकटी असते ना, तिला सराउंड म्हणतात. सत्तरच्या दशकात बऱ्याच कंपन्यांनी ती फोमची केली. हवेतला दमटपणा आणि ऊन हा फोम खातात. पंधरा-वीस वर्षांत त्याचा वाळक्या पानासारखा चुरा होतो. समोरची जाळी काढा आणि कड हलकेच दाबून बघा. मी पहिल्यांदा दाबली तेव्हा बोट आरपार गेलं, आणि विकणारा माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच फाडली. आता तशी मीच फाडली होती म्हणा.

पण फोम फाटला म्हणून स्पीकर मेला असं नाही. नवा फोम मिळतो, गोंदानं चिकटवता येतो. एका सुटीचं काम आहे. आतली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, बरोबर मध्यावर बसली पाहिजे मात्र, नाहीतर ती खरवडत राहते. कड रबराची किंवा कापडाची असेल तर बहुतेक वेळा हात लावायचीही गरज पडत नाही.

पेटी पूर्ण बंद असेल तर आणखी एक गोष्ट बघायची. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी एआर-१ नावाचा स्पीकर आणला. त्यात पेटीत कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करते, त्यामुळे एवढ्याशा खोक्यातून खोल खर्ज निघतो. अशा पेटीचा वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, चारी बोटांनी हळूच आत ढकला आणि सोडा. सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे. टपकन परत आला तर कुठूनतरी हवा निसटतेय, आणि हवेबरोबर खर्जही.

आता अँप्लिफायर. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथली चूक महागात पडते.

आत डब्यांसारखे उभे कपॅसिटर दिसतात, ते इलेक्ट्रोलिटिक. त्यांच्यात द्रव असतो आणि तो वर्षानुवर्षं सुकत जातो. उष्णतेनं फार लवकर. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना, चिकटून बसलेले कपॅसिटर आधी जातात. आणि म्हणूनच, कृपा करून, अँप्लिफायरच्या डोक्यावर दुसरं यंत्र ठेवू नका. कपॅसिटर सुकले की स्पीकरमधून सतत घूं ऐकू येते, आवाज वाढवा नाहीतर कमी करा, घूं तेवढीच.

सेट दहा-वीस वर्षं बंद पडून असेल तर त्याहून वाईट. कपॅसिटरच्या आत एक बारीक ऑक्साइडचा थर असतो. वीज मिळाली नाही की तो कमजोर होतो. अशा सेटला एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर कपॅसिटर भरमसाट वीज ओढतो. मी हे केलंय. घरी आणला, प्लग लावला, बटण दाबलं. आधी फट्, मग तो वास. ज्यांनी घेतलाय त्यांना कळेल कुठला वास.

उपाय साधा आहे. सिरीज बल्ब. मेनच्या वायरमध्ये जुना तारेचा बल्ब जोडायचा, ६० ते १०० वॅटचा. एलईडी चालत नाही, तारच पाहिजे. सेट चालू केल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. ज्या बल्बची तार तापली, त्यानं तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचवला. स्पीकर या वेळी जोडायचे नाहीत. आधी मल्टिमीटरनं स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट चालतात. व्होल्टमध्ये आकडा आला तर स्पीकर लांबच ठेवा, त्यांची कॉइल जाळायला तेवढं पुरतं.

हे सगळं ट्रान्झिस्टरच्या सेटचं. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, सेटला उलट, स्पीकर जोडल्याशिवाय चालवायचं नाही, आणि त्याच्या आत प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट राहू शकतात. तो सेट तुम्ही उघडू नका. जाणकाराकडे द्या.

व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना खरखर येते? घाबरू नका, आत मळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नॉब वीस-तीसदा फिरवा. गंज काढायचा स्प्रे मात्र नको.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. सत्तरच्या दशकात याची शर्यतच लागली होती. १९७८ साली पायोनियरनं एसएक्स-१९८० काढला. एका चॅनलला २७० वॅट, वजन पस्तीस किलोच्या आसपास. दिसतो भन्नाट. पण वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, म्हणजे कानाला थोडासाच. साध्या खोलीत वीस-तीस वॅट भरपूर. शिवाय मोठा सेट म्हणजे जास्त उष्णता. म्हणजे परत तेच कपॅसिटर.

सेटच्या मागची, व्होल्ट लिहिलेली पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. जपानच्या घरगुती बाजारासाठी बनलेला सेट १०० व्होल्टचा असतो. २३० व्होल्टवर लावलात तर गेला. त्याचा रेडिओही मोठा रुसका: जुन्या जपानी ट्यूनरचं एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, म्हणजे इतर ठिकाणची बहुतेक स्टेशनं त्याला दिसतच नाहीत.

टर्नटेबलमध्ये ही पट्टी आणखी महत्त्वाची. जुन्या एसी मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. ६० हर्ट्झची मोटर ५० हर्ट्झवर लावलीत, तर मिनिटाला ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे. काळी चारात गाणारी बाई पांढरी चारात उतरेल, तीही थोडी खालीच. बऱ्याच मॉडेलांत मोटरवरची पुली बदलली की काम होतं.

आणि इथेही मऊ शोधा. बेल्ट सैल झाला की सूर डुलतो. बेल्टऐवजी रबरी चाक असेल आणि ते दाबलेलं ठेवूनच सेट वर्षानुवर्षं पडून राहिला असेल, तर चाकाला खड्डा पडतो आणि संगीतामागे धडधड येते. सुई तर अजून फसवी. हिरा झिजतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण ज्या दांडीवर तो बसतो ती एका इवल्याशा रबराच्या तुकड्यात रोवलेली असते. ते रबर कडक होतं. म्हणून 'कधीच न वापरलेली' तीस वर्षांपूर्वीची सुई, सीलबंद डबीत, मी घेत नाही. नवी घेतो.

(डेककडे वळून)

चला, याचा बेल्ट पुसायला घेतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाचे बोळे, आणि हातमोजे. हातमोजे मी मघाशी घातले नव्हते. पुढच्या व्हिडिओत हा डेक वाजताना दाखवतो. वाजला तर.