साखर कुठे जाते?

[दृश्य: नाशिक, सकाळ. पेट स्कॅन केंद्रातली प्रतीक्षा खोली.]

कॅन्सर शरीरात कुठे आहे हे दाखवणाऱ्या पेट स्कॅनसाठी आलेला रुग्ण सहा तास उपाशी आहे. चहासुद्धा नाही, फक्त पाणी. रक्तातली साखर २०० च्या आत आहे हे पाहून शिरेतून एफडीजी देतात. हे जवळजवळ ग्लुकोजच, पण त्यावर किरणोत्सारी फ्लोरीन-१८ चा अणू बसवलेला. त्याची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते. मुंबईहून निघालेली कुपी कसारा घाटातल्या गर्दीत अडकून पावणेचार तासांनी नाशिकला पोचली, तर जेमतेम चौथा हिस्सा हाती लागतो.

[दृश्य: पेशीचं अ‍ॅनिमेशन]

पेशीत गेल्यावर हेक्सोकायनेज हे एन्झाइम त्याला फॉस्फेट जोडतं. साधं ग्लुकोज पुढे मोडत जातं, एफडीजी मात्र तिथेच अडकतं. तासाभरानं जिथे साठा जास्त, ती जागा पडद्यावर उजळते.

कॅन्सरच्या बहुतेक पेशींवर ग्लुकोज आत ओढणारी ग्लुट-१ प्रथिनं जास्त असतात. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच पाहिलं होतं, की ऑक्सिजन असूनही या पेशी ग्लुकोजचं लॅक्टेट करून टाकतात. या मार्गानं ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, मिळतात अवघे २. पूर्ण ज्वलनात मिळाले असते ३० च्या आसपास. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, बिघडली असावीत, असं वारबुर्ग यांना वाटलं. पण बहुतेक गाठींत ती चालू असतात.

मग ही उधळपट्टी कशाला? एका पेशीच्या दोन व्हायच्या तर नुसती ऊर्जा पुरत नाही, बांधकामाचा माल लागतो. ग्लुकोजमधला कार्बन डीएनएमधल्या डीऑक्सिरायबोज या साखरेकडे, पटलांच्या मेदाकडे वळवला जातो. नायट्रोजन बराचसा ग्लुटामिन या अमिनो आम्लातून येतो. लॅक्टेटबरोबर बाहेर टाकलेल्या आम्लानं आसपासच्या टी पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशीही मंदावतात.

गाठीतून सुटून रक्तात शिरलेल्या पेशीचा हिशेब वेगळा. तिथे ऑक्सिडेशनचा मारा सोसावा लागतो, आणि इंधन म्हणून मेदाम्लं, लॅक्टेटही चालतात. त्यामुळे द्राक्षं आणि साखर बंद करून कॅन्सर उपाशी मरत नाही. यकृत ग्लुकोज तयार करतच राहतं. वजन मात्र उतरतं आणि केमो झेपेनाशी होते.

[दृश्य: स्कॅनचा पडदा]

मेंदू आणि मूत्राशय एरवीही उजळतात. आदल्या दिवशी द्राक्षबागेत छाटणी केली असेल तर दंड-खांदेही. म्हणून २४ तास कष्टाचं काम बंद. टीबीच्या गाठी हुबेहूब कॅन्सरसारख्या दिसू शकतात, तिथे बायोप्सीच लागते. प्रोस्टेटच्या बऱ्याच गाठी एफडीजीला दादच देत नाहीत. त्यांच्यासाठी पीएसएमए नावाचा वेगळा स्कॅन करतात.