पांढऱ्या शहराची मागची गल्ली

अश्गाबात. तुर्कमेनिस्तानची राजधानी. पहाटेच्या या रुंद रस्त्यावर झाडलोट करणाऱ्या बायकांखेरीज कुणी नाही. डोळे तेवढे उघडे, बाकी चेहरा फडक्यात गुंडाळलेला. दोन्ही बाजूंना नुसता संगमरवर. मंत्रालयं, बँका, माणसं राहतात त्या इमारतीसुद्धा. २०१३ साली गिनेस बुकानं इथल्या ५४३ नव्या संगमरवरी इमारतींची नोंद केली. गाड्याही पांढऱ्याच.

या देशात येताना आम्हाला आधी निमंत्रणपत्र, मग व्हिसा घ्यावा लागला आणि सोबत गाइड. अध्यक्षांच्या महालाजवळ आलो, तसा आमच्या गाइडनं हळूच कॅमेऱ्यावर हात ठेवला. बोलला काहीच नाही.

मात्र हे स्मारक त्यानं स्वतःहून दाखवलं. बैलानं शिंगांवर पृथ्वी घेतलीये आणि तो ती हलवतोय. भेगेतून वर आलेली आई आपलं सोनेरी बाळ उचलून धरतेय. ६ ऑक्टोबर १९४८ ला, मध्यरात्र उलटल्यावर, भूकंपात हे शहर जमीनदोस्त झालं. बाळ म्हणजे सपरमुरात नियाझोव, पुढे देशाचे पहिले अध्यक्ष. त्यांची आई आणि भाऊ त्या रात्री गेले. सत्तेवर आल्यावर त्यांनी एप्रिल महिन्याला आईचं नाव दिलं. जग त्याला हसलं. इथं उभं राहिल्यावर मला हसू आलं नाही.

किती माणसं गेली, हे सोव्हिएत सरकारनं कित्येक वर्षं दडवून ठेवलं. मराठी माणसाला इथं किल्लारी आठवतेच. आपण निदान आपली माणसं मोजली, त्यांच्यासाठी मोठ्यानं रडलो. इथं ते रडणंही घरातल्या घरात राहिलं.

संगमरवर संपतो, तिथं बैठी घरं लागतात. अंगणात मातीचा तंदूर, त्याला म्हणतात तामदीर. आजी कोपरापर्यंत हात आत घालून रोटी भिंतीला थापतात. या रोटीचं नाव चोरेक. ती पालथी ठेवायची नाही, हे त्यांनी खुणेनं सांगितलं. भाषा कळत नव्हती, पण शब्द ओळखीचे निघत होते. दुकानाला दुकान, हवेला होवा, चहाला चाय. त्यांच्या तोंडून 'कागीज' ऐकलं आणि मी पटकन म्हणालो, कागद! आजी खळखळून हसल्या.

गाइड दाराशी उभा होता. आजींनी पहिली गरम रोटी त्याच कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली, दुसरी माझ्या.