गुळगुळीत नाण्याचा भाव

नमस्कार मंडळी. पत्रिकेत 'भाव' हा शब्द छापल्यामुळे आज सभागृह बऱ्यापैकी भरलेलं दिसतंय. निम्मे संग्राहक आहेत, उरलेल्यांनी खिशात काहीतरी गुंडाळून आणलंय. (हशा) भावाकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक तक्रार मांडून घेतो. ऐकून घेणारी इतकी माणसं एका जागी पुन्हा कधी मिळणार?

तक्रार फोनची आहे. 'वैष्णोदेवीचं नाणं आहे, दहा लाखांना जातं म्हणे, तुम्ही किती द्याल?' ते नाणं २०१२ सालचं, तुमच्याआमच्या गल्ल्यातून फिरलेलं. ट्रॅक्टरचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेचंही तेच. कुणीतरी व्हिडिओ काढतो, आकडा सांगतो, मग 'आधी नोंदणीचे पैसे भरा' म्हणतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये निवेदन काढून बजावलं की आमचं नाव सांगून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांशी आमचा काडीचाही संबंध नाही. पण निवेदन वाचतो कोण? व्हिडिओ मात्र शेवटपर्यंत बघतात.

असाच एका गृहस्थांचा फोन आला. वडिलोपार्जित पेटीत शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, सापडल्या होत्या. 'काळपट आहेत हो, अक्षरं पुसट झालीत.' मी म्हटलं, काका, जशा आहेत तशा आणा, त्यांना काही करू नका. रविवारी दोघं आले, काका-काकू. पुडी सोडली तर आत लख्ख गुलाबी तांबं! काकू कौतुकाने म्हणाल्या, 'तुम्हाला दाखवायच्या म्हणून रात्रभर चिंचेत घातल्या आणि सकाळी रांगोळीने घासल्या.' रांगोळीने! (हशा)

हसताय, पण त्यातली एक शिवराई मी भिंगाखाली धरली, तेव्हा मला काही हसू आलं नाही. एका बाजूला 'श्री'ची वेलांटी आणि 'राजा'मधला 'जा', दुसऱ्या बाजूला 'छत्र'मधलं अर्धं जोडाक्षर, आणि या सगळ्यावर रांगोळीचे बारीक गोल ओरखडे. तांब्यावर जो तपकिरी थर चढतो ना, पुसट अक्षरं त्याच्याच जोरावर वाचता येतात. उंचवटा फिकट, खोलगट भाग गडद. थर गेला की सगळं एकाच रंगाचं होतं आणि उरलेलं अक्षरही डोळ्याला सापडत नाही. काकांनी विचारलं, 'आता किती येतील?' मी चहा सांगितला. (हशा)

आता माझं म्हणणं ऐका. व्यापारी नाण्याला एकच प्रत लावतो, एक्सएफ, व्हीएफ, फाइन, म्हणजे कमी झिजलेल्यापासून जास्त झिजलेल्यापर्यंत, आणि त्यावर भाव सांगतो. पण नाणं गुळगुळीत दिसण्याची कारणं एकाच जातीची नसतात. ती वेगळी करता आली पाहिजेत. काकांच्या शिवराईवर 'श्री राजा शिव'मधलं 'शिव' नव्हतं, पण ते झिजून गेलेलं नव्हतंच. शिवराई हाताने पाडलेली, ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे अक्षरं कडेबाहेर राहायची. कडेपाशी बघा. अक्षर पूर्ण उंचीवर असतानाच कापल्यासारखं संपलं असेल, तर ते मुळात उमटलेलंच नाही. हळूहळू मावळत गेलं असेल तर ती झीज. दोघांना एकच प्रत लावणारे महाभाग मी पाहिलेत.

देव्हाऱ्यातला रुपया आणखी वेगळा. रोजचं धुणं, पुसणं, हळदकुंकू. बऱ्याचदा एक बाजू गेलेली आणि दुसरी शाबूत. हातोहात फिरलेला रुपया असा एकतर्फी झिजत नाही. दागिन्यातल्या रुपयाच्या कडेला कडी काढल्याची जखम असते. ती घासून लपवली तरी तिथल्या चांदीची झाक निराळी दिसते. जुन्या रुपयांवर सराफांनी मारलेले छोटे ठसे असतात, चांदी खरी का खोटी हे पाहिल्याच्या खुणा. प्रतवारीत ते 'दोष' धरतात. मला विचाराल तर असा ठसा असलेला रुपया मी आधी उचलतो.

सराफांवरून आठवलं. बंगालमध्ये जुन्या सालाच्या रुपयावर सराफ बट्टा कापायचे. नाणं झिजलेलं असो वा नसो, साल जुनं म्हणजे झिजलेलंच धरायचं! ईस्ट इंडिया कंपनीने शेवटी मुघल बादशहा शाहआलमच्या कारकिर्दीचं १९ वं वर्षच रुपयावर कायमचं गोठवून टाकलं. वर्षं उलटत गेली, रुपया १९ चाच. साल बघून बट्टा लावणार कसा? आमच्या काही व्यापारी मित्रांना हा इलाज लागू करावा असं मला फार वाटतं.

आणि तिकडे अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली नाण्याच्या प्रतीची १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली, तिथल्या तांब्याच्या जुन्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी. फक्त 'कोणतं नाणं' एवढंच जेमतेम ओळखू येतं ते १. आता तिथे मुद्दाम १ प्रतीचीच नाणी जमवणारे लोक आहेत आणि १ साठी कधी कधी ३ पेक्षा जास्त पैसे मोजतात. आपल्याकडे असा गट निघाला तर अध्यक्षपदासाठी मी तयार आहे. (टाळ्या)

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. 'पाच मिनिटे.' बरं. भाव.

ब्रिटिश अमलातल्या चांदीच्या रुपयाला खाली एक पायरी असते. पूर्ण वजन ११.६६ ग्रॅम, चांदी बारात अकरा भाग, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. १९०६ च्या नाणे कायद्यानुसार चलनातल्या रुपयात २ टक्क्यांपर्यंत घट चालत होती, म्हणजे सुमारे ११.४३ ग्रॅमपर्यंत. तेव्हा सपाट झाला तरी मोडीचे, म्हणजे नुसत्या चांदीचे, पैसे कुठे जात नाहीत. पाचव्या जॉर्जचे १९१८, १९१९ चे रुपये गुळगुळीत असतील तर मोडीच्या वर फार देऊ नका, ते उदंड आहेत. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, तेव्हा आधी साल बघा. साल दिसत नसेल तर भाव खालच्याच चांदीचा.

दुर्मीळ सालाचं गणित वेगळं. १९३९ चा रुपया झिजलेला असला तरी लोक घेतात, फक्त शेवटच्या ९ वर भिंग धरा, तो आधी ८ होता का ते पाहा. १९११ च्या रुपयावर राजाच्या साखळीतला हत्ती लोकांना डुक्कर वाटला, पुढच्या वर्षी तो बदलला. झिजलेल्या नाण्यावर हत्ती आणि डुक्कर दोघंही सारखेच सपाट, पण १९११ हे आकडे शाबूत असले की पुरे. व्हिक्टोरियाच्या १८६२ च्या रुपयावर मात्र याच्या उलट. तेच साल घालून १८७४ पर्यंत रुपये पाडत राहिले आणि खरा फरक सालाजवळच्या बारीक ठिपक्यांत ठेवला. ठिपके पुसले गेले असतील तर बाकी चेहरा कितीही चांगला असो, तो साधा रुपया.

शिवराईला खालची पायरीच नाही, तांब्याला काय येणार? तिथे सगळे पैसे अक्षरांचे. नेहमीची दुदांडी, म्हणजे दोन रेघांची सर्रास मिळणारी शिवराई, गुळगुळीत असेल तर शिकायला घ्या, गुंतवणूक म्हणून नको. वेगळ्या वळणाचं अक्षर किंवा वेगळं चिन्ह असेल, तर अर्धं दिसलं तरी घ्या. आणि पुसट अक्षरं मागाहून कोरून 'उठवलेली' शिवराई मिळते, तिच्यापासून सांभाळून राहा. कोरलेल्या अक्षराच्या कडा धारदार असतात आणि त्याच्या बाजूची जमीन खरवडलेली असते. फोटोवरून घेत असाल तर तिरप्या उजेडातला फोटो, कडेचा फोटो आणि वजन, तिन्ही मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर फोन ठेवा.