जावई, काळी पट्टी आणि आमच्या मावशी

श्रोतेहो, नमस्कार.

मी हातात पोछा घेतला तो 1998 साली, सीताबर्डीवरच्या एका कॉम्प्लेक्समध्ये. गोणपाटाचा तुकडा, पत्र्याची बादली आणि फिनाईल, एवढंच सामान. आज मी सुपरवायझर आहे, वर्धा रोडवरच्या एका ऑफिस बिल्डिंगमध्ये. सात मजले, दोन जिने, चौदा टॉयलेट. आता त्याच पोछ्याला मॉप म्हणतात आणि आम्हाला हाऊसकीपिंग. नाव बदललं, कंबर तीच दुखते.

मला विषय दिलाय, इमारतीची सफाई आणि येणारी यंत्रं. बारा मिनिटं दिलीत. मॅडम स्टुडिओच्या काचेपलीकडे घड्याळ घेऊन बसल्या आहेत. त्या काचेवर, माफ करा मॅडम, बोटांचे ठसे आहेत. सवय आहे, दिसतंच.

सफाई कशी करायची हे मी सांगत बसत नाही. आधी झाडू मग पोछा, वरून खाली, आतून दाराकडे, हे तुमच्या घरी रोज होतं. बिल्डिंगमध्ये फडक्यांचे रंग वेगळे असतात. आमच्याकडे लाल फडकं टॉयलेटचं, ते दुसरीकडे जात नाही. एक गोष्ट मात्र सांगते, कारण ती घरीही लागते. ॲसिड आणि ब्लीच एकत्र करायचं नाही. पुन्हा सांगते, टॉयलेट धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र करायचं नाही. दोन्ही टाकलं म्हणजे दुप्पट स्वच्छ होत नाही, क्लोरीन वायू निघतो. आमच्या एका पोरीने दार लावून हे केलं होतं. वेळेत बाहेर काढली म्हणून बरं, तरी दोन दिवस खोकत होती.

आता यंत्र. आमच्याकडे यंत्र आलं त्याची गोष्ट सांगते. ही गोष्ट मी बसमध्ये सांगितली आहे, भाचीच्या लग्नात सांगितली आहे, आणि आमच्या बिल्डिंगमधले लोक तर मी तोंड उघडलं की पळतात. तुम्ही पळू शकत नाही.

मे महिना होता. नागपूरचा मे तुम्हाला माहीत आहे, सकाळी नऊला कूलरसुद्धा गरम हवा फेकतो. शनिवारी ऑफिस बंद, म्हणून डेमो शनिवारी ठेवला. पुण्याहून इंजिनिअर पोरगा आला, सोबत कपाटाएवढ्या खोक्यात मशीन. फरशी घासणारी, पाणी सोडणारी आणि घाण पाणी मागून ओढून घेणारी मशीन आम्ही आधी पाहिली होती, ती हाताने ढकलायची. ही आपोआप चालणारी. समोर निळा दिवा, आणि कोणी आडवं आलं की बाईच्या आवाजात इंग्रजीत विनंती करायची, बाजूला व्हा.

साहेबांनी नारळ आणला होता. मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, पाणी सगळीकडे उडालं. ते पाणी आमच्या मावशींनी पोछ्याने पुसलं. म्हणजे त्या मशीनच्या उद्घाटनाची सफाई हाताने झाली, हे लक्षात ठेवा.

या मावशी म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या. हिंगण्याकडून येतात, पहाटे पाचला घरून निघतात. शाळा दुसरीपर्यंत. मशीनभोवती एवढी गर्दी, एवढा मान, कोणी पाणी भरतंय, कोणी वायर लावतंय, हे बघून त्या म्हणाल्या, "ताई, हा तं जावई आला." तेव्हापासून त्या मशीनचं नाव जावई. आजही आम्ही रजिस्टरमध्ये मशीन लिहितो आणि तोंडाने जावई म्हणतो.

तर जावई निघाला. लॉबीतून सुरेख सरळ रेघ मारत गेला. मागे फरशी ओली नाही, कोरडी. मी मनात म्हटलं, झालं, आपला बोरियाबिस्तरा बांधा. आणि लॉबीच्या मधोमध तो थांबला. समोर काही नाही. ना माणूस, ना खुर्ची. जरा मागे गेला, वळला, दुसरीकडून आला, पुन्हा तिथेच थांबला. इंजिनिअर पोराने बंद करून चालू केला. पुन्हा तेच. त्याने लॅपटॉप उघडला, फोन लावला. अर्धा तास गेला, एक तास गेला. साहेब घाम पुसून राहिले. जावई रुसला तो रुसलाच. आता याला घड्याळ द्यायचं की अंगठी?

आमच्या लॉबीची फरशी मलईच्या रंगाची आहे आणि तिच्यात काळ्या ग्रॅनाइटच्या पट्ट्या आहेत, वीतभर रुंद. आर्किटेक्टची हौस. (हौशीवरून आठवलं, नागपूरसारख्या गावात पश्चिमेला अख्खी काचेची भिंत कोणी आणि का लावतं? मे-जूनच्या संध्याकाळी एक आंधी आली की सात मजल्यांची काच मातीची होते, आणि आतला एसी दुप्पट चालतो. नकाशा काढणाऱ्याला एक महिना तिथे वायपर घेऊन उभं करा. असो.)

मावशी खांबाला टेकून बघत होत्या. मग माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, पाहा बरं, ते काळ्यापाशीच थांबून राह्यलं."

मी पाहिलं. खरंच, दर वेळी काळी पट्टी.

"माही नात रांगे तवा अशीच करे," मावशी म्हणाल्या. "ओट्याच्या काठावर आली का थबके, मागं सरके. याले वाटते का पुढं खड्डा हाय."

मी इंजिनिअरला सांगितलं. तो हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, पोरगा चांगला होता. म्हणाला, "मावशी, असं नसतं हो. त्याच्या आत पूर्ण नकाशा आहे." मावशी काही बोलल्या नाहीत. रिसेप्शनच्या टेबलाखाली दिवाळीची उरलेली रांगोळी असते, ती पिशवी घेऊन आल्या. काळ्या पट्टीवर जावयाच्या रुंदीएवढी पांढरी रांगोळी पसरली, चिमटीने नाही, मुठीने. म्हणाल्या, "लाव आता."

पोराने बटण दाबलं. जावई आला, आला, रांगोळीवर चढला आणि पलीकडे गेला.

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीसुद्धा. पोराचं तोंड बघण्यासारखं होतं. मग त्यानेच आम्हाला समजावलं. मशीनच्या पोटाखाली डोळे असतात, ते फरशीवर न दिसणारा उजेड टाकतात आणि परत आलेला उजेड मोजतात. उजेड परत आला नाही की मशीन समजते, पुढे पायरी आहे, पडेन. चकचकीत काळ्यावरून तो उजेड नीट परत येतच नव्हता. म्हणजे मावशी बरोबर. खड्डाच वाटत होता त्याला.

पण थांबा, गोष्ट संपली नाही. जावई फरशी घासत गेला, म्हणजे रांगोळीही घासून, ओढून घेऊन गेला. पलीकडून परत आला, तर पट्टी पुन्हा काळी कुळकुळीत. आता तर धुतल्यामुळे जास्तच. पुन्हा थांबला. मावशींनी पुन्हा रांगोळी टाकली, तो पुन्हा गेला, पुन्हा साफ केली, पुन्हा अडकला. जेवढी फरशी चांगली धुईल तेवढा अडकेल! चार वेळा झालं हे. चौथ्या वेळी मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या मांगं मांगं मीच फिरू का आता दिवसभर?"

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पुढे दोन दिवसांनी त्या पोराने सेटिंग बदललं, नकाशात काहीतरी केलं, आणि जावई पट्ट्या ओलांडायला लागला. कंपनीने मशीन ठेवून घेतली. आज ती जिन्याखाली चार्जिंगला उभी असते.

काचेपलीकडून मॅडम पाच बोटं दाखवताहेत. म्हणजे पाच मिनिटं उरली, आणि मुद्दा राहिलाच.

माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, आई, हे तर हॅन्स मोरावेक नावाच्या यंत्रमानवाच्या जाणकाराने 1988 सालीच लिहून ठेवलंय. संगणकाला बुद्धीच्या परीक्षेत मोठ्या माणसाएवढं करणं सोपं, पण वर्षभराच्या पोराची नजर आणि चाल त्याला देणं महाकठीण. मावशींची नात आणि मोरावेक एकच बोलले.

म्हणून मला विचाराल तर यंत्र काय नेणार? मोकळी फरशी नेणार. लांब कॉरिडॉर, मॉलचा मजला, विमानतळ, मेट्रो स्टेशनचा फलाट. सरळ, सपाट, मोकळं, ते यंत्राचं. आणि काय उरणार? कोपरा, जिना, टॉयलेट, टेबलाखालच्या वायरी. पुन्हा सांगते: मोकळी फरशी यंत्राची, कोपरा आणि जिना आपला. धूळ ओढायचं यंत्र ह्यूबर्ट बूथ यांनी 1901 साली काढलं, तेव्हा ते घोडागाडीवरून यायचं आणि त्याचा पाईप खिडकीतून घरात सोडायचे. घरात आपोआप फिरून धूळ ओढणारा रूम्बा 2002 साली आला. आणि आमच्या जिन्यावर झाडू अजून हातानेच मारावा लागतो.

जिन्यावरून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी, चुन्याची घोटलेली मिसळ. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, खर्रा मात्र पन्नीत घोटून जिथे तिथे मिळतो, आणि पिचकारी जिन्याच्या कोपऱ्यात. आमच्या साहेबांनी कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावल्या. फरक एवढाच पडला की डाग टाइलच्या शेजारी सरकला आणि आमच्या कामात देव पुसणं वाढलं. भिंतीवर वाळलेली पिचकारी ओळखून, आधी भिजवून, पत्तीने खरवडून, रंग न काढता पुसणारं यंत्र कोणी बनवलं तर त्याला मी स्वतः नारळ फोडेन. पण थुंकणारे सुधारले तर यंत्रही नको आणि नारळही नको.

आता कडू भाग. यंत्र आलं आणि कोणाचं काहीच गेलं नाही, असं मी सांगणार नाही. आम्ही चौदा जणी होतो, आता अकरा आहोत. रात्रपाळीत फरशी मारणाऱ्या तिघी कमी झाल्या. एकीला धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये काम लागलं, एक स्वयंपाकाच्या कामाला लागली, तिसरीचा फोन आता लागत नाही. तिघी ठेकेदाराची माणसं होती. ठेका माणशी असतो तोवर ठेकेदार माणसं वाढवतो. ठेका चौरस फुटावर गेला की माणसं घटतात. यंत्र नंतर येतं, आधी हा कागद बदलतो. तेव्हा तुमच्या बिल्डिंगचा ठेका कशावर आहे, माणशी की फुटावर, हे विचारून ठेवा.

आणि जी मशीनवर काम करते तिने आपल्या पगाराच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते बघावं. किमान वेतनात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे दर वेगळे असतात. मशीनमध्ये पाणी आणि रसायन मापाने भरणं, मागची रबराची पट्टी रोज धुणं, घाण पाण्याची टाकी रिकामी करून झाकण रात्रभर उघडं ठेवणं, नाहीतर सकाळी लॉबीत नाक धरावं लागतं, हे काम अकुशल नाही. चिठ्ठीवर पीएफचे 12 टक्के आणि ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, पाऊण टक्का कापलेला आपण बघतो. त्याच्या वर, नावाशेजारी, हुद्दा छापलेला असतो. तो कोणी वाचत नाही. तो वाचा. पुन्हा सांगते, हुद्दा वाचा.

जावई आता मावशी चालवतात. पुण्याचा पोरगा दोन दिवस शिकवून गेला. मावशींना इंग्रजी येत नाही, पण कोणत्या आवाजाला कोणतं बटण दाबायचं हे पाठ आहे. नवीन पोरींना त्याच शिकवतात, आणि कोणी जावयाला पाय लावला तर ओरडतात. त्यांचा हुद्दा मशीन ऑपरेटर करा म्हणून मी लेखी अर्ज दिला त्याला सात महिने झाले. तोंडी सगळे हो म्हणतात. परवा मावशींनी त्यांच्या नातीकडून, तीच ती ओट्यावर रांगणारी, आता तिसरीत आहे, तिच्याकडून पगाराची चिठ्ठी वाचून घेतली. चिठ्ठीवर छापलंय, हेल्पर.

उद्या सकाळी मी पुन्हा ऑफिसात जाते आहे. नमस्कार.