माहांटोंगो रस्त्यावरची ब्रूअरी

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात पॉट्सव्हिल नावाचं गाव आहे. दगडी कोळशाच्या खाणींवर वाढलेलं. तिथं माहांटोंगो रस्त्याच्या चढावर यिंगलिंग कुटुंबाची लाल विटांची ब्रूअरी, म्हणजे बिअर बनवण्याचा कारखाना, उभी आहे. अमेरिकेत आज चालू असलेल्या ब्रूअऱ्यांमधली ही सगळ्यांत जुनी.

डेव्हिड यिंगलिंग जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग प्रांतातून इथं आले आणि 1829 साली त्यांनी ‘ईगल ब्रूअरी’ काढली. दोनच वर्षांत ती आगीत जळाली. मग त्यांनी नवी बांधली ती या डोंगरउतारावर, आणि यात मला त्यांची हुशारी दिसते. बिअर मुरायला थंडावा हवा, आणि शीतयंत्रं तेव्हा नव्हती. डोंगराच्या पोटात माणसांनी हातांनी भुयारं खोदली. आत बारमाही गारवा. आणि गिऱ्हाईक? दिवसभर कोळशाची धूळ खाऊन वर येणारे खाणकामगार तर दारातच होते.

आतलं एक छत रंगीत काचांचं आहे. तांब्याच्या मोठ्या भांड्यावरून परावर्तित होणारं ऊन कामगारांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून ते बसवलं, असं सांगतात. कारखान्याच्या छतासाठी एवढी हौस!

1920 मध्ये देशभर दारूबंदी आली. कित्येक ब्रूअऱ्यांना टाळं लागलं. यिंगलिंग मंडळींनी समोरच दूध-आइस्क्रीमचा कारखाना टाकला आणि ब्रूअरीत जवळजवळ बिनमद्याची बिअर काढली. अशी बिअर करायची तर आधी खरी बिअर करावी लागते, मग तिच्यातलं मद्य काढून टाकायचं. म्हणजे भट्टी थंड पडली नाही, कारागिरांचा हात मोडला नाही. सरकारी अधिकाऱ्यांनी मात्र भुयारांत विटांची भिंत घालून टाकली. तिचा काही भाग आजही पाहायला मिळतो. 1933 मध्ये बंदी उठताच ‘विनर बिअर’ बाजारात आली आणि तिचा एक ट्रक राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे रवाना झाला. आइस्क्रीमचा धंदा पुढेही थेट 1985 पर्यंत चालला.

या घराण्याची एक रीत मला फार आवडते. इथं मुलाला ब्रूअरी वारशात फुकट मिळत नाही. बापाकडून ती विकत घ्यावी लागते. पाचव्या पिढीतल्या डिक यिंगलिंग यांचं वडिलांशी पटेना, म्हणून त्यांनी बाहेर पडून बिअर वितरणाचा धंदा केला. 1985 मध्ये परतले ते पैसे मोजूनच. तेव्हा कंपनी लहान होती, मोठ्या ब्रँडांपुढे कशीबशी तग धरून. 1987 मध्ये त्यांनी ‘लागर’ या प्रकारची बिअर पुन्हा आणली आणि तिनं धंद्याचं रूप पालटलं.

डिक यांना चार मुली. चौघीही कंपनीत काम करतात. आतापर्यंतच्या पाचही पिढ्यांचे मालक पुरुष होते.